आयसीचं अंग: नमुना-पाटीच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

१४ जून २०२५

काम असं ठरलं: दुरुस्तीच्या टेबलाशेजारी टांगायची एक पाटी, तिच्यावर ४० आयसी (इंटिग्रेटेड सर्किट, सर्किट बोर्डावरचे अनेक पायांचे सुटे भाग), आणि प्रत्येक आयसी वरून, खालून, कडेने पाहता यावी अशी बसवलेली. पाटीवर सर्किट शिकवायचं नाही, फक्त बाह्यरूप दाखवायचं: पाय, बॉडी, खुणा, छपाई. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांतून दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांत, म्हणजे सर्किट बोर्डांत, भट्टीच्या जुन्या तापमान-कंट्रोलरपासून कालपरवाच्या सर्व्हो ड्राइव्हपर्यंत सगळं एकाच पोत्यात असतं. नंबर घासून टाकलेल्या आणि कुणीतरी "जमतंय का बघू" म्हणून बसवलेल्या आयसीही त्यातच निघतात.

वाचायचा क्रम आधीच ठरवून घेतला. पहिल्यांदा पाय, मग बॉडी, मग खालची बाजू, आणि छापलेला नंबर सगळ्यात शेवटी. छपाई कुणीही दोन मिनिटांत करतो, साचा बदलणं मात्र खर्चाचं काम आहे.

माल: ११ किलो भंगार कार्डं. हत्यारं: १० पट भिंग, यूएसबी मायक्रोस्कोप, ०.०१ मिमीचा डिजिटल व्हर्नियर, हॉट एअर स्टेशन, सोल्डर पंप, लोहचुंबक, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिनरल टर्पेंटाइन, कापसाच्या काड्या. व्हर्नियर स्टीलचा आहे, म्हणून पाय मोजताना कार्डाचा सप्लाय बंद आहे ना हे दरवेळी बघायचं.

१५ जून

काढणी सुरू. आरपार पायांच्या म्हणजे डीआयपी आयसी दोन पद्धतींनी काढल्या. कार्ड जपायचं असेल तर ३५० अंशांची सोल्डरिंग आयर्न आणि पंप. जुनं सोल्डर नीट वितळत नसेल तर आधी थोडं नवं सोल्डर द्यायचं आणि मग ओढायचं. नवं सोल्डर न देता नुसती आयर्न दाबत राहिलं की पॅड, म्हणजे कार्डावरचा तांब्याचा ठिपका, उचलला जातो. ग्राउंडचा पाय नेहमी शेवटी सुटतो, कारण रुंद तांबं उष्णता खातं. कार्ड भंगारच असेल तर मागून हॉट एअर फिरवायची आणि कार्ड टेबलाच्या कडेवर एकदा आपटायचं. पाय सरळ राहतात, सोल्डर मात्र उडतं, चष्मा हवाच.

सपाट बसणाऱ्या, म्हणजे एसएमडी आयसींच्या बाबतीत पावसाळा आडवा आला. कार्डं आठवडाभर शेडमध्ये पडून होती. प्लास्टिकची बॉडी हवेतला ओलावा शोषते. हॉट एअरने ती एकदम २०० अंशांच्या वर गेली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि बॉडी आतून फुगते. कधी "टिक" असा बारीक आवाज येतो, कधी काहीच ऐकू येत नाही. फुगलेली आयसी ओळखायची तर ती उलटी करून पोटावर स्टीलची पट्टी आडवी धरायची आणि पलीकडून टॉर्च मारायचा. पट्टीखालून दोन्ही टोकांना उजेड दिसला आणि मधे नाही, तर पोट वर आलंय. अशा दोन निघाल्या. त्या टाकल्या नाहीत, "फुगलेली" अशी चिठ्ठी लावून पाटीवर घेतल्या.

बाकीची कार्डं आधी सुकवायला लावली. सुट्ट्या आयसीला १२५ अंशांवर २४ तास ठीक आहे, पण आख्ख्या कार्डाला नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ८५ नाहीतर १०५ अंश छापलेलं असतं, आणि सुट्ट्या आयसी ज्यांत भरून येतात त्या प्लास्टिक नळ्या तर त्याच्या कितीतरी आधी वाकतात. म्हणून कार्डांना ८० अंश आणि दोन दिवस.

२१ जून

पायांतलं अंतर मोजलं. नवशिका दोन शेजारच्या पायांमधलं अंतर मोजतो आणि फसतो. मोजायचं ते पहिल्या पायापासून शेवटच्या पायापर्यंत, मग मधल्या अंतरांच्या संख्येने भागायचं. ४० पायांच्या डीआयपीत एका बाजूला २० पाय, म्हणजे १९ अंतरं; पहिल्याच्या मध्यापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत ४८.२६ मिमी यायला हवेत, म्हणजे २.५४ मिमीचं अंतर. तिथे ४७.५ आले तर अंतर २.५ आहे. रशियन बनावटीच्या जुन्या आयसींत तसं असतं. आठ पायांच्या आयसीत हा फरक जाणवतही नाही, ४० पायांत मात्र शेवटचा पाय भोकात उतरत नाही.

डीआयपीच्या दोन रांगांमधलं अंतर ७.६२ मिमी, आणि रुंद जातीत १५.२४. टीव्हीच्या कार्डांवर आणखी एक जात सापडते: दिसायला डीआयपीच, पण पाय दाट, अंतर १.७७८ मिमी. साध्या आयसी-बेसमध्ये (आयसी खोचायच्या सॉकेटमध्ये) ती जात नाही. जबरदस्ती केली तर बेसच्या पत्त्या वाकतात आणि दोष आयसीवर येतो.

एसएमडीमध्ये १.२७ मिमीवाल्या दोन रांगांच्या आयसीत खरा घोळ बॉडीच्या रुंदीचा. अरुंद ३.९ मिमी, रुंद ७.५ मिमी, आणि या दोन्हींमधली ५.३ मिमीची जपानी पद्धतीची. पायांचं अंतर तिन्हींचं तेच. कॅटलॉगमधून नुसता नंबर बघून मागवलेली मेमरी चिप पॅडवर बसत नाही ती या मधल्या मापामुळे. त्याहून दाट आयसींत ०.६५ आणि ०.६३५ ही जोडी त्रास देते. २४ पायांची असेल तर एका बाजूला ११ अंतरं: पहिलीला ७.१५ मिमी, दुसरीला ६.९९. व्हर्नियर ते दाखवतो, डोळा नाही.

चौफेर पायांच्या आयसीत अंतर ०.८, ०.६५, ०.५, कधी ०.४. पाय बगळ्याच्या पंखासारखे बाहेर वळलेले असतील तर एक जात, इंग्रजी जे अक्षरासारखे आत पोटाखाली वळलेले असतील तर दुसरी. या दुसऱ्या जातीत अंतर १.२७ असतं आणि ती बऱ्याचदा चौकोनी बेसमध्ये बसवलेली मिळते. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. बेसच्या कोपऱ्यांतल्या खाचा काढणीच्या चिमट्यासाठीच ठेवलेल्या असतात.

२२ जून

कालचं राहिलेलं एक निरीक्षण. कोऱ्या डीआयपीचे पाय सरळ खाली जात नाहीत, किंचित बाहेर फाकलेले असतात. मशीनने बसवताना ते आत दाबले जातात आणि स्प्रिंगसारखे भोकात धरून राहतात. हाताने बसवायची असेल तर आयसी कुशीवर धरून टेबलावर एकेक रांग हलकेच आत दाबायची. "नवीन" म्हणून आलेल्या आयसीचे पाय आधीच समांतर असतील आणि खांद्याशी सोल्डरची पातळ चकाकी असेल, तर ती कुठल्यातरी कार्डावर नोकरी करून आलेली आहे.

२८ जून

आजचा दिवस बॉडीचा. इथे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ज्याने फाउंड्रीत एक पाळी काढली आहे त्याला डीआयपीची काळी बॉडी म्हणजे एक छोटं ओतीव काम आहे हे भिंगाखाली लगेच दिसतं.

कडेने बघा. बॉडीच्या बरोबर मध्यावरून, जिथून पाय बाहेर येतात, तिथून एक बारीक रेघ चारही बाजूंनी फिरते. ती पार्टिंग लाइन, साच्याचे दोन भाग जुळतात ती जागा. तिच्या वर आणि खाली बॉडी आत कललेली असते, तो ड्राफ्ट. तो नसता तर माल साच्यातून सुटलाच नसता. एका टोकाला खरबरीत, तुटल्यासारखा छोटा चौकोन दिसतो, तो गेट तोडल्याची खूण, तिथून माल आत गेला. त्याच टोकांना मधोमध धातूचे एक-दोन चकाकते ठिपके असतात. पाय नसतानाही तिथे धातू का, असं विचारलं जातं. पायांचा सगळा सांगाडा, म्हणजे लीडफ्रेम, एकाच पत्र्यातून कापलेला असतो. ओतकाम होईपर्यंत चिपची, म्हणजे आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याची, बैठक पट्टीला धरून ठेवणारे हे दांडे, मागाहून छाटलेले. पायांच्या रुंद खांद्यांजवळ दोन्ही बाजूंना कापल्याची बारीक पायरी दिसते, तिथे पायांना जोडणारा बांध होता. तो नसता तर पातळ माल पायांमधून वाहून गेला असता. तरीही थोडा जातो, आणि पायाच्या मुळाशी पारदर्शक पापुद्रा राहतो. त्याला आपल्याकडेही फ्लॅशच म्हणतात.

वर किंवा खाली एक-दोन गोल उथळ खळगे असतात. ते इजेक्टर पिनचे, म्हणजे साच्यातून माल ढकलून काढणाऱ्या पिनचे. याच खळग्याला पहिल्या पायाची खूण समजून कितीतरी आयसी उलट्या बसल्या आहेत. पहिल्या पायाचं टिंब सहसा लहान आणि कोपऱ्याला खेटून असतं, इजेक्टरचा खळगा मोठा, तळ सपाट, आणि त्यात कधी साच्याचा क्रमांक किंवा देशाचं नाव उठावात असतं. चौफेर पायांच्या आयसीवर दोन-तीन गोल एकसारखे दिसले तर छपाई सरळ वाचता येईल अशी धरायची. पहिला पाय सहसा डावीकडे खाली येतो, पुढचे घड्याळाच्या उलट दिशेने. अरुंद एसएमडीत टिंब पुसलं गेलं असेल तर कड बघा: पहिल्या पायाच्या बाजूची वरची कड तासलेली असते, समोरची नाही.

माल कशाचा? इपॉक्सी, पण नावापुरतंच. वजनाने ७० ते ९० टक्के भरणा सिलिकाचा असतो. म्हणजे आयसीची बॉडी बऱ्याच अंशी वाळूच आहे; फरक एवढाच की ओतकामाची वाळू स्फटिक, ही वितळवून गोठवलेली. कारण प्रसरणाचं. सिलिकॉन दर अंशाला दहा लाखांत साधारण ३ भाग वाढतं, तांबं १७, नुसतं इपॉक्सी ५० च्या वर. तिघांना १७५ अंशांच्या साच्यात एकत्र बांधून थंड केलं तर चिप तरी चिरडेल नाहीतर तिला पायांशी जोडणाऱ्या तारा तरी तुटतील. वितळवलेलं सिलिका अर्ध्या भागानेच वाढतं, म्हणून ते भरून इपॉक्सीला तांब्याच्या जवळ आणतात. कानसेने बॉडी घासून बघा, कानसच बोथट होते.

काळा रंग काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा, आणि तो चिमूटभरच. काळा का, तर सिलिकॉनवर उजेड पडला की त्यात प्रवाह निर्माण होतो. झाकण नसलेल्या चिपचं काय होतं ते फेब्रुवारी २०१५ मध्ये रास्पबेरी पाय २ ने दाखवलं: झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की बोर्ड बंद पडायचा, कारण त्यावरची पॉवर सप्लायची चिप प्लास्टिकच्या कवचाशिवाय होती. दुसरं कारण छपाईचं. लेझरने वरचा काळा थर जाळला की राखाडी अक्षर उठून दिसतं.

२९ जून

लोहचुंबक सगळ्या पायांवरून फिरवला. काही आयसी उडी मारून चिकटल्या, काही ढिम्म. चिकटणाऱ्यांची लीडफ्रेम लोखंड आणि ४२ टक्के निकेलच्या मिश्रधातूची, न चिकटणाऱ्यांची तांब्याच्या मिश्रधातूची. उष्णता बाहेर काढायची असेल तिथे तांबं लागतं. एकाच नंबरची, एकाच तारखेची म्हणून आलेल्या दहांपैकी तीन चिकटल्या आणि सात नाही, तर तो लॉट एका ठिकाणचा नाही. हातातली सगळ्यात स्वस्त परीक्षा हीच.

५ जुलै

आडवा छेद. ५५५ टायमरची (१९७२ मध्ये सिग्नेटिक्सने बाजारात आणलेली, अजून सगळीकडे मिळणारी) आठ पायांची आयसी घेतली. बाटलीच्या झाकणात अराल्डाइट ओतून तिच्यात उभी पुरली, एक रात्र कडक होऊ दिली. मग काचेवर ओला एमरी पेपर: २२०, ४००, ८००, १२००, २०००.

कुठे थांबायचं याचं गणित आधी मांडलं. बॉडीची लांबी साधारण ९.५ मिमी, चार पाय २.५४ अंतरावर, म्हणजे पहिला पाय टोकापासून साधारण १ मिमीवर, दुसरा ३.५ वर, तिसरा ६ वर. चिप दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. दुसरा पाय घासून संपला की २२० सोडायचा आणि ८०० घ्यायचा. पहिल्या नमुन्यात हे पाळलं नाही. २२० च्या कणांनी सिलिकॉनच्या कडेचे टवके काढले आणि काचेच्या फुटक्या बांगडीसारखी कड उरली. दुसऱ्यात नीट आलं.

दिसतं ते असं: ३.३ मिमी जाडीच्या काळ्या भिंतीत मधोमध पाव मिमी जाडीची धातूची पट्टी, तिच्यावर करड्या आरशासारखा सिलिकॉनचा तुकडा, बाजरीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही. त्याच्या वर दोन पिवळे बिंदू, म्हणजे छेदल्या गेलेल्या सोन्याच्या तारा, सुमारे २५ मायक्रॉनच्या. केसापेक्षा बारीक. मायक्रोस्कोपमध्ये भोवतालची बॉडी गुळगुळीत काळी नसून भाजलेल्या रव्यासारखी दाणेदार दिसते, तोच सिलिकाचा भरणा. बिंदू लांबट आणि फराटल्यासारखे दिसले तर पाणी कमी पडलंय, सोनं मऊ असल्याने कागदावर ओढलं जातं. नव्या आयसींत बिंदू लालसर निघाला तर तार तांब्याची.

हा तुकडा पाटीच्या मध्यभागी लावायचा.

१२ जुलै

सिरॅमिक. हातात घेतल्याबरोबर वजनाने कळते, आणि काचेवर हलकेच टेकवली तर प्लास्टिकसारखी "टप" न वाजता "टिण्" वाजते. दोन जाती वेगळ्या ठेवल्या. एकीत राखाडी-तपकिरी दोन फरशा आणि मधे काचेचा थर. कडेने बघितलं तर विटांमधल्या सिमेंटसारखी सांधणी दिसते. दुसरी पांढरी किंवा जांभळट, वर सोनेरी धातूचं झाकण, पाय कुशीला ब्रेझ केलेले. ही महागडी, भंगारवाला आधी हीच वेगळी काढतो, म्हणून आपल्या ११ किलोत एकच सापडली.

खिडकीवाली ईप्रॉम (अतिनील उजेडाने खोडता येणारी मेमरी; २७६४, २७सी२५६ वगैरे) सगळ्यात देखणी. साध्या काचेतून अतिनील किरण जात नाहीत म्हणून खिडकी क्वार्ट्झची. आत चिप उघडी दिसते: मोठे एकरंगी चौकोन ही मेमरी, त्यांच्या कडेने बारीक नक्षी. उजेड तिरका केला की चौकोन हिरवे-गुलाबी होतात. खोडायला २५३.७ नॅनोमीटरचा दिवा लागतो, साध्या खोडयंत्रात १५ ते २० मिनिटं. थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीन वर्षांत ती खोडली जाऊ शकते असं डेटाशीटच सांगते. जुन्या मशीनचं कार्ड हातात आलं की खिडकीवरची चिकटपट्टी "नंबर बघू" म्हणून सोलायची नाही. सोललीच तर आधी प्रोग्रॅम वाचून कॉपी ठेवायची. पाटीवरच्या दोन ईप्रॉम रिकाम्या करून लावल्या.

मजा म्हणजे तीच चिप बिनखिडकीच्या प्लास्टिकातही विकली जायची, एकदाच लिहायची म्हणून. खोडायला उजेड आतच जात नाही.

धातूच्या डबीतल्या गोल आयसी (जुन्या ७४१ ऑपॅम्पच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या): आठ पायांच्या डबीच्या कडेला जी जीभ असते ती ८ व्या पायाची खूण, पहिल्याची नव्हे. वरून बघताना घड्याळाच्या उलट मोजायचं, खालून बघताना सुलट. इथे चूक न केलेला माणूस अजून भेटायचाय.

आणि ज्यांना बॉडीच नाही त्या: स्वस्त मल्टिमीटर, कॅल्क्युलेटर, खेळणी यांच्यातली काळी टिकली. चिप थेट कार्डावर चिकटवून तारा जोडतात आणि वर इपॉक्सीचा थेंब सोडतात. नंबर नाही, पाय नाहीत, बदलायची सोय नाही. थेंब गेला की वस्तू गेली.

१३ जुलै

तीन पायांच्या आणि पत्र्याच्या पाठीच्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीवर) एक वेगळी ओळ पाटीवर हवीच. ७८०५, ७९०५ आणि एलएम३१७ एकाच बॉडीत, शेजारी ठेवले तर जुळे-तिळे. ७८०५ ची पाठ ग्राउंड. ७९०५ ची पाठ इनपुट. ३१७ ची पाठ आउटपुट. तिन्ही एकाच हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) मधे वीज अडवणारं अभ्रक न लावता बसवले की काय होतं ते पॉवर सप्लायच्या जळक्या कार्डांवर वाचायला मिळतं.

१९ जुलै

शेवटी छपाई. शाईची असेल तर पांढरी किंवा पिवळी आणि बोटाला किंचित जाणवते. लेझरची राखाडी, समोरून दिसतच नाही. ती वाचायचे तीन उपाय: टॉर्च अगदी आडवा धरायचा, अल्कोहोलचा ओला बोळा फिरवून तो सुकत असताना बघायचं, नाहीतर खडूची पूड चोळून पुसायची, अक्षरांत पूड राहते.

नंबरातली सुरुवातीची अक्षरं घराण्याची: एसएन टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, एलएम नॅशनल सेमिकंडक्टरची, एमसी मोटोरोलाची, सीडी आरसीएची, एनई सिग्नेटिक्सची. पण घराणी विकली गेली, आडनावं राहिली. आज तोच एलएम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बनवते, कारण २०११ मध्ये तिने नॅशनल विकत घेतली. शेवटची अक्षरं बॉडीची: टेक्सासच्या ७४ मालिकेत एन म्हणजे प्लास्टिक डीआयपी, जे म्हणजे सिरॅमिक, डी म्हणजे अरुंद एसएमडी. ७४ च्या जागी ५४ असेल तर तीच आयसी उणे ५५ ते १२५ अंशांची. ७४ वाली ० ते ७०.

तारखेचे चार आकडे: पहिले दोन वर्ष, पुढचे दोन आठवडा. ९२३४ म्हणजे १९९२ चा ३४ वा आठवडा. १९७० च्या दशकातल्या टीटीएल आयसींत (७४ मालिकेसारख्या लॉजिक आयसींत) यावरून धमाल होते. एका कार्डावर वरची ओळ एसएन७४००एन आणि खालची ७४३२. नवख्याने ७४३२ मागवली. ७४०० मध्ये चार नँड गेट असतात, ७४३२ मध्ये चार ऑर; खालचा आकडा फक्त १९७४ चा ३२ वा आठवडा सांगत होता. शेवटचे दोन आकडे ५३ च्या वर असतील तर ती तारीख नाहीच.

तारीख आणि शिक्का यांचा मेळ बसतो का तेही बघायचं. फिलिप्सचा सेमिकंडक्टर विभाग २००६ मध्ये एनएक्सपी झाला. फिलिप्सचं नाव आणि खाली १८१२ अशी तारीख दिसली तर प्रश्न विचारायला हवा.

२० जुलै

एनई५५३२ (ऑडिओत वापरला जाणारा जोड-ऑपॅम्प) म्हणून ऑनलाइन मागवलेला दहा नगांचा लॉट. दर इतका कमी होता की तिथेच उत्तर होतं, पण पाटीला नमुना हवाच होता.

साध्या डोळ्यांना चकाचक. पाय समांतर (पहिली खूण). उलट्या केल्या: सहांच्या पोटावर एक खळगा, चौघांच्या दोन. वरच्या बाजूची तारीख मात्र दहांची एकच (दुसरी). भिंगाखाली वरचा पृष्ठभाग एकसारखा मंद काळा, खालचा थोडा दाणेदार; खऱ्या आयसीत दोन्हींचा पोत सहसा जुळतो. पहिल्या पायाचं टिंब उथळ, कड बोथट, आत काळा रंग साठलेला. व्हर्नियरने बॉडीची जाडी दोन टोकांना मोजली: एका नगात टोकाटोकात ०.१२ मिमी फरक. साच्यातून आलेल्या मालात एवढी तिरपाई येत नाही, हाताने एमरीवर घासलेल्यात येते.

मग बोळे. आधी तीन भाग मिनरल टर्पेंटाइन आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दहा-बारा वेळा घासून: छपाई टिकली. त्यावरून पास करायचं नाही. दुसरा बोळा ॲसिटोनचा, दाबून पंधरा सेकंद: कापूस काळा झाला आणि खाली एकाच दिशेचे ओरखडे उघडे पडले. खऱ्या आयसीवर ॲसिटोन फिरवलं तर जुनी शाई जाऊ शकते, पण बॉडीचा काळा रंग कापसावर येत नाही. उलटंही लक्षात ठेवायचं: कापूस स्वच्छ राहिला म्हणून आयसी खरी ठरत नाही, काही रंग ॲसिटोनला दाद देत नाहीत. तिथे खळगा, कड आणि जाडी हेच साक्षीदार.

आत काय आहे हे मल्टिमीटरने सांगितलं. ५५३२ च्या दोन इनपुटांमध्ये उलटसुलट डायोड असतात. डायोड रेंजवर पाय २ आणि ३ मध्ये दोन्ही बाजूंनी साधारण ०.६-०.७ व्होल्ट दिसायला हवेत. एकाही नगात दिसले नाहीत. अधिक-उणे १५ व्होल्टवर सप्लायचा प्रवाह ८ मिलिॲम्पिअरच्या आसपास हवा होता, आला ३ च्या आत. म्हणजे कुठलातरी साधा जोड-ऑपॅम्प. आवाज येतो, म्हणूनच खपतो.

दोन नग पाटीवर: एक अर्धा पुसलेला, एक जसाच्या तसा.

२६ जुलै

पायांचा रंग. मंद राखाडी म्हणजे निव्वळ कथिल. युरोपचा शिसेबंदीचा नियम १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर बहुतेक ठिकाणी हेच. जुन्यांत कथिल-शिसं, थोडं चकचकीत. १९७० च्या दशकातल्या काही टीटीएल आयसींचे पाय काळेकुट्ट निघाले. जळलेले नाहीत, चांदीचा मुलामा आहे, हवेतल्या गंधकाने काळा पडलेला. हुपरीच्या पैंजणाचं होतं तेच. पैंजणासारखं सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचं मात्र नाही. रबराने हलकेच पुसून सोल्डर घेतो का ते बघायचं. हे पाय खांद्याशी ठिसूळ होतात, बेसमधून सरळ वर उचलायचे, एका टोकाने उचकटलं की पाय बेसमध्येच राहतो.

२ ऑगस्ट

फोटो. रिंग लाइटने छपाई मरते, सगळं पांढरं होतं. दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी, जवळजवळ टेबलाला टेकलेले, पुढे बटर पेपर. पार्श्वभूमी पांढरी ठेवली की कॅमेरा आयसीला आणखी काळं करतो; करडा पुठ्ठा ठेवला. आयसीची सगळी उंची एका फोकसमध्ये मावत नसल्याने एका नगाला ८ ते १२ फ्रेम घेऊन जोडाव्या लागतात. प्रत्येक फोटोत स्टीलच्या पट्टीचे १० मिमी दिसलेच पाहिजेत.

९ ऑगस्ट

बसवणी. थर्मोकोलमध्ये आयसी खोचून ठेवायची इथली सवय मोडायला हवी, त्यावर स्थिर विद्युत साठते आणि सीमॉस जातीची नाजूक आयसी न दिसता मरते. जुना काळा स्पंजही नको, तो काही वर्षांनी भुगा होतो आणि पायांना गंज चढवतो. डीआयपींसाठी गोल भोकांचे बेस ३ मिमी ॲक्रिलिकवर लावले, म्हणजे आयसी उपटून पोट बघता येतं. एसएमडींना ॲक्रिलिकमध्ये बॉडीपेक्षा किंचित मोठी खिडकी कापून दोन्ही बाजूंनी पारदर्शक पत्रा. काहीही चिकटवलेलं नाही.

नावाच्या चिठ्ठ्या आयसीखाली नाहीत, पाटीच्या मागे आहेत. बाकी: १.७७८ मिमीचे दोन बेस अजून मिळालेले नाहीत, तोवर त्या दोन टीव्ही आयसी ताटकळत. फुगलेल्यांपैकी एकीचं पोट बसवताना तडकलं, तिची तड पायापर्यंत गेली आहे. ती तशीच राहू द्यायची, फोटो नव्याने घ्यायचा.